वाफसा पाहून गाडी सोडा: साइटचा चिखल रस्त्यावर जाऊ नये म्हणून

जुलैतली एक पहाट माझ्या डोक्यातून जात नाही. मिरजेबाहेर एका मोठ्या गोदामाच्या कामावर मी होते. आदल्या दिवशी अंधार पडता पडता मातीच्या शेवटच्या चार गाड्या बाहेर गेल्या. रात्रभर बारीक रिपरिप सुरू होती. पहाटे पाचच्या सुमारास दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेली एक मोटरसायकल आमच्या गेटसमोर घसरली. वॉचमनचा फोन आला आणि मी खोलीवरून पळतच गेले. डांबरावर काळ्या मातीचा जेमतेम पाव इंचाचा थर होता आणि त्यावरून दूध वाहत चाललं होतं. दूधवाल्या दादांचं मनगट मोडलं होतं. रस्त्याच्या कडेला बसून ते एवढंच म्हणाले, "ताई, डांबरी रस्ता आहे म्हणून सरळ आलो."

संध्याकाळी रस्ता साफ करून घेण्याची जबाबदारी माझी होती. "सकाळी बघू" म्हणून मी निघून गेले होते.

ज्युनिअर इंजिनिअर, सुपरवायझर किंवा स्टोअरकीपर म्हणून मोठ्या साइटवर जे नव्याने रुजू होतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. काँक्रीटचं मिक्स, सळईचं अंतर, लेव्हल या गोष्टी कॉलेजात शिकवतात. गेटबाहेरच्या रस्त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आपल्याकडे हा चिखल म्हणजे पावसाळा आला की येणारच असं धरून चालतात. मी तसं धरत नाही. चिखल दिसतो गेटवर, पण तयार होतो आत, खोदाईपाशी. त्यामुळे कामाचा क्रमही आतून बाहेर असा ठेवा.

आधी माती हातात घ्या

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत एका दिवसाच्या प्रवासात माती तीनदा बदलते. कृष्णाकाठी, म्हणजे कराड, वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात, काळी चिकट माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी पितं आणि फुगतं, हे त्याचं कारण. जत, आटपाडी, माण, खटावकडे बरीचशी हलकी, मुरमाड जमीन. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरात तांबडी माती आणि जांभा. पावसाचंही तसंच. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पडतो, तर माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तेव्हा पाचगणीच्या साइटवरची व्यवस्था उचलून जतला लावू नका, आणि जतची मिरजेला तर अजिबातच नको.

मूठभर माती घ्या, थोडं पाणी लावा आणि तळहातावर वळून बघा. उदबत्तीच्या जाडीची, साधारण ३ मिलिमीटरची वळी न तुटता झाली तर माती चिकट आहे, टायरला धरणार. वळी होण्याआधीच चुरा झाला तर ती मुरमाड किंवा रेताड आहे आणि तुमचा त्रास अर्धा कमी. प्रयोगशाळेत प्लॅस्टिक लिमिट काढतात ती याच ३ मिलिमीटरच्या वळीवरून, त्यामुळे ही नुसती आजीबाईची युक्ती समजू नका.

यानंतरची गोष्ट कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही, ती शेजारच्या रानातल्या माणसाला विचारायची: इथं वाफसा कधी येतो? पेरणी करणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माती फार ओलीही नाही, फार सुकलेलीही नाही, पायाला चिकटत नाही, ढेकूळ दाबलं की मोकळं होतं, तो वाफसा. मोठ्या पावसानंतर मुरमाड रानात तो दुसऱ्या दिवशी येतो. काळ्या रानात चार-सहा दिवस जातात, ढगाळ असेल तर त्याहून जास्त. ज्या दिवशी कुळव घालता येत नाही त्या दिवशी हायवाही, म्हणजे माती वाहायचा मोठा डंपरही, फिरवता येत नाही. माझ्या सोळा वर्षांच्या कामात एवढा उपयोगी निकष मला दुसरा मिळालेला नाही.

गेट कुठे ठेवायचं

हा निर्णय बहुतेक वेळा तुमच्या आधीच झालेला असतो. पण पहिल्या आठवड्यात तुम्ही बोललात तर बदलता येतो, नंतर येत नाही. प्लॉटच्या उंच बाजूला बाहेर जायचं गेट हवं. खालच्या कोपऱ्यात ठेवलंत तर सगळ्या साइटचं पाणी माती घेऊन गेटातूनच बाहेर पडेल. वळणावर गेट नको. आणि बाहेर पडायचा रस्ता एकच ठेवा. दुसरं छोटं गेट "फक्त जेसीबीसाठी" म्हणून उघडं राहिलं की पंधरा दिवसांत सगळ्या गाड्या तिथूनच जायला लागतात.

रस्त्याकडेचं गटार खडीने बुजवून त्यावरून गाड्या काढायची वाईट सवय सगळीकडे आहे. ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटचा मोठा नळ, टाका, त्यावर काँक्रीट करा, तोंडाशी जाळी लावा. गटार बंद झालं तर पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरतं. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या सांगलीत त्या शेजाऱ्याला काय वाटत असेल, हे वेगळं सांगायला नको. खोदलेल्या मातीचे ढीगही पूररेषेच्या आत टाकू नका. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेतला ढीग नदी घेऊन जाणार हे गृहीत धरा.

आतला रस्ता

गेटवर कितीही खर्च करा. गाडी चिखलातूनच भरली जात असेल तर गेटवरची कुठलीही व्यवस्था दोन तासांत हरते. खोदाईपासून गेटपर्यंत गाड्यांचा एकच रस्ता आखा आणि पहिल्या दिवशीच तो बांधा. वरची काळी माती नऊ इंच ते एक फूट काढा, खाली डबर, म्हणजे मोठे दगड, दाबून सोलिंग करा, त्यावर पक्का मुरूम टाकून रोलर फिरवा, दोन्ही बाजूंना चर काढा. मुरूम घेताना डोळे उघडे ठेवा. पिवळसर, हाताने चुरा होणारा मुरूम दोन पावसांत स्वतःच चिखल होतो. बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी दाबून बघा. पिठासारखा झाला असेल तर गाडी परत पाठवा.

पोकलेन, म्हणजे साखळीवर चालणारं खोदाईचं यंत्र, गाडी भरतं ती जागाही कोरडी हवी. काळ्या मातीत मी नेहमी पोकलेन मातीवर आणि हायवा सोलिंगवर उभा करायला लावते. पोकलेनची साखळी साइटबाहेर जात नाही, टायर जातात. साधी गोष्ट आहे, पण ऑपरेटरला आदल्या दिवशी सांगावी लागते, कारण त्याला बूम जास्त फिरवावी लागते आणि प्रत्येक गाडीमागे मिनिटभर वाढतो. वरची काळी माती संपून खाली मुरूम लागला की त्रास बराच कमी होतो. म्हणून काळ्या थराची खोदाई शक्यतो एप्रिल-मेमध्ये उरकून घ्या. वळवाचे पाऊस तेव्हाही येतात, पण दुपारनंतर येतात आणि दोन दिवसांत जमीन वाळते.

खडीचा पट्टा

आता गेट. बाहेर पडणारी गाडी मोठ्या खडीच्या पट्ट्यावरून गेली की टायर खडीवर दबतो, पसरतो आणि खाचांमधला चिखल सुटून खडीच्या फटींत पडतो. या पट्ट्याचं काम एवढंच. कमीत कमी ५० फूट लांब आणि सहा इंच जाड असावा, असं जगभरच्या मार्गदर्शिकांत सापडतं. काळ्या मातीत मी यावर थांबत नाही. हिशोब सोपा आहे. हायवाच्या मागच्या टायरचा घेर साधारण ११ फूट असतो, म्हणजे ५० फुटांत टायर चार-साडेचार वेळा फिरतो. काळी माती तेवढ्यात सुटत नाही. १०० फुटांत नऊ फेरे होतात आणि फरक डोळ्यांना दिसतो.

१०० फूट लांब, २० फूट रुंद, नऊ इंच जाड असा पट्टा धरला तर १,५०० घनफूट, म्हणजे १५ ब्रास खडी लागते. हायवाच्या तीन-चार खेपा. एवढ्यासाठी मालक किंवा ठेकेदार कुरकुर करत असेल तर रोज रस्ता खरवडायला लागणाऱ्या चार मजुरांची हजेरी महिन्याच्या हिशोबाने त्याच्यासमोर मांडा. मी हे अनेकदा केलं आहे, आणि दरवेळी खडी आली आहे.

खडी ५० ते ७५ मिलिमीटरची, क्रशरची, कोनदार हवी. क्रशरवाल्याला "मोठी मेटल, भुकटीशिवाय" असं स्पष्ट सांगा. त्यात क्रश सँड किंवा डस्ट मिसळलेली असेल तर फटी आधीच भरलेल्या राहतात आणि चिखलाला जागाच उरत नाही. नदीतले गोल गोटे तर अजिबात नकोत, टायरखाली ते गडगडतात आणि गाडीबरोबर रस्त्यावर येतात. वीस मिलिमीटरची खडी टायरच्या खाचांत बसून बाहेर जाते.

खडीखाली कापड टाकायला विसरू नका. जाड, न विणलेलं जिओटेक्स्टाईल मिळतं. ते अंथरताना दोन पट्ट्या एकमेकींवर दीड-दोन फूट चढवा. कापड नसेल तर काळी माती खालून वर येते आणि खडी खाली जाते. एका साइटवर कापडाचे पैसे वाचवले होते. तिथला पट्टा सप्टेंबरात उकरला तेव्हा खडी दीड फूट खाली मातीत रुतलेली सापडली. वर नुसता राडा.

पट्ट्याचा उतार आत, साइटकडे ठेवा. रस्त्याकडच्या टोकाला चार-सहा इंचांचा उंचवटा करा म्हणजे पाणी आत वळेल आणि बाजूच्या चरातून खड्ड्यात जाईल. उंचवट्यावरून गाडी आपोआप हळू होते, हा जादा फायदा.

पट्टा केला आणि विसरलात तर तो महिन्याभरात मरतो. रोज सकाळी त्यावरून चालत जा. खडीच्या कडा बुटाला टोचायला हव्यात. बूट गुळगुळीत सरकायला लागला म्हणजे फटी भरल्या. मग जेसीबीच्या दातांनी पट्टा उकरून खालची खडी वर आणा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर वरून तीन-चार इंच नवी खडी टाका.

आणखी एक धोका डोळ्यांत तेल घालून सांभाळा. मागच्या जोडटायरांच्या मधल्या फटीत खडीचा दगड अडकतो. गाडी महामार्गावर वेगात गेली की तो सुटतो आणि मागच्या गाडीच्या काचेवर येतो. गेटवरच्या माणसाच्या हातात एक छोटी पहार द्या. गाडी पूर्ण थांबलेली, इंजिन बंद आणि ड्रायव्हर खाली उतरलेला असेल तेव्हाच दोन्ही बाजूंच्या जोडटायरांत बघायचं आणि दगड काढायचा. चालू गाडीच्या चाकात हात किंवा पहार कोणीही, कधीही घालायची नाही.

जाळी आणि धुणं

खडीचा पट्टा पुरत नसेल तर त्याच्या आतल्या बाजूला लोखंडी जाळी बसवतात. जाड पाइप किंवा चॅनल आडवे वेल्ड केलेले, खाली दोन फुटांचा खड्डा. त्यावरून जाताना टायरला हादरे बसतात आणि चिखल खाली गळतो. गाडी माणसाच्या चालीने जायला हवी, वेगाने गेली तर वेल्ड तुटतात. आठवड्यातून किमान दोनदा खालचा खड्डा उपसा, भरलेल्या खड्ड्यावरची जाळी काहीच काम करत नाही. जत-आटपाडीकडे, जिथे उन्हाळ्यात पिण्याचं पाणी टँकरने येतं, तिथे गाड्या धुवायचा विचारही मनात आणू नका. जाळी आणि खडी एवढंच तिथे योग्य, आणि मुरमाड मातीला ते पुरतंही.

काळ्या मातीच्या साइटवर पावसाळ्यात खोदाई थांबवता येत नसेल तर टायर धुवायला लागतात. त्याआधी गणित करा. दिवसाला ६० खेपा आहेत आणि कामाचे आठ तास, म्हणजे ४८० मिनिटं. एका गाडीला आठ मिनिटं येतात. प्रेशर पंप घेऊन दोन माणसं एक हायवा नीट धुतात तेव्हा पाचएक मिनिटं लागतात. कागदावर जमतं. पण गाड्या आठ-आठ मिनिटांनी येत नाहीत, तीन-तीन एकदम येतात, आणि रांग लागली की ड्रायव्हर बाजूने गाडी काढतो. म्हणून धुण्याच्या दोन जागा ठेवा, आणि बाजूने गाडी जाईल अशी मोकळी जागा ड्रम किंवा दगड ठेवून बंद करा. टायरची बाहेरची बाजू सगळेच धुतात. चिखल राहतो तो जोडटायरांच्या मध्ये, मडगार्डच्या आत आणि मागच्या फाळक्याच्या कडेवर. फाळक्याच्या कडेवरची ढेकळं पहिल्याच खड्ड्यात रस्त्यावर पडतात.

धुतलेल्या पाण्याचं काय

इथेच बहुतेक साइटवर चूक होते. गाड्या स्वच्छ निघतात आणि काळं पाणी गटारात सोडलं जातं. रस्त्यावरचा चिखल ओढ्यात गेला, ओढ्यातून कृष्णेत, एवढाच फरक.

पाणी टाकीत थांबवलं की गाळ खाली बसतो, हे खरं, पण काळ्या मातीत ते फसवं आहे. चिकणमातीचा २ मायक्रॉनचा कण पाण्यात १० सेंटिमीटर खाली जायला साधारण ८ तास घेतो. एक मीटर खोल टाकीत वरच्या कणाला तळ गाठायला ८० तास, म्हणजे तीन दिवसांहून जास्त. आज धुतलेलं पाणी उद्या परत वापरायचं असेल तर नुसती वाट बघून चालत नाही.

आपल्या आज्या हंड्यात तुरटी फिरवायच्या, तेच इथे करायचं. तुरटीने बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि लवकर बसतात. किती घालायची ते अंदाजाने ठरवू नका. पाण्याच्या चार रिकाम्या बाटल्यांत तेच गढूळ पाणी भरा. एका बाटलीत काहीच घालू नका, बाकीच्या तिघींत तुरटीचं पाणी वाढत्या प्रमाणात घाला, हलवा आणि अर्धा तास उन्हात ठेवा. कुठल्या बाटलीत वर नितळ पाणी आणि खाली गाळ अशी स्पष्ट रेघ दिसते ते बघा आणि त्यातलं सगळ्यांत कमी प्रमाण टाकीला लावा. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा मुकादम, मजूर, ड्रायव्हर सगळे बाटल्यांभोवती जमले होते. नंतर टाकीत तुरटी घालायची आठवण मला कधी करावी लागली नाही.

टाकीचे तीन कप्पे करा: पहिल्यात जाड गाळ, दुसऱ्यात बारीक, तिसऱ्यातून पंपाने पाणी परत धुवायला. पहिला कप्पा जेसीबीच्या बकेटने उपसता येईल एवढा रुंद ठेवा, नाहीतर तो कोणी उपसणार नाही. टाकीभोवती कठडा आणि दिवा हवाच. वर साय धरलेली टाकी रात्री जमिनीसारखी दिसते.

ट्रान्झिट मिक्सरचं, म्हणजे तयार काँक्रीट आणणाऱ्या गाडीचं, ड्रम आणि नाळ धुतलेलं पाणी या टाकीत कधीही घेऊ नका. सिमेंटचं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं, त्याने हात भाजतात, मासे मरतात. त्यासाठी जाड प्लॅस्टिक अंथरलेला वेगळा खड्डा करा. दोन्ही वेगळे ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. शेजारचे शेतकरी "गाळ द्या की" म्हणून येतात. फक्त मातीचा, डिझेल-ऑइल न पडलेला गाळ असेल तर द्यायला हरकत नाही. सिमेंट मिसळलेला गाळ रानात गेला तर त्यांच्या जमिनीचं नुकसान होतं आणि ते त्यांना दोन वर्षांनी कळतं.

ड्रायव्हर मामांशी बोला

खडी, जाळी, पंप, टाकी, हे सगळं एका ड्रायव्हरच्या हातात असतं. नवा इंजिनिअर गेटवर उभा राहून ओरडतो, आणि ओरडण्याने काही होत नाही. कारण साधं आहे. मला एका मामांनी गाडी बंद करून शांतपणे सांगितलं होतं, "मॅडम, मला खेपेमागं पैसं मिळत्यात. हितं पाच-पाच मिनटं गेली तर दिवसाची दोन खेपा कमी हुत्यात. त्या कोण भरून देणार?" त्यांचं बरोबर होतं. त्यानंतर वाहतुकीचा दर ठरवतानाच धुण्याची मिनिटं मी खेपेच्या दरात धरायला लावते, आणि गेटवरच्या रजिस्टरमध्ये "धुतली" ही खूण नसेल तर त्या खेपेचं बिल निघत नाही. हे दोन्ही एकत्र हवं. नुसता दंड लावलात तर रजिस्टरमध्ये खोट्या खुणा पडतात.

भरणी फाळक्याच्या वर जाऊ देऊ नका, ताडपत्री बांधून घ्या. गेटवर जो माणूस ठेवाल त्याला गाडी थांबवायचा अधिकार सगळ्यांसमोर द्या. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला शिट्टी देऊन उभं केलं तर त्याचं कोणी ऐकत नाही. मी शक्यतो एखादे जुने मुकादम काका तिथे बसवते, खुर्ची आणि छत्रीसकट.

तरीही रस्त्यावर आलंच तर

येणारच, थोडं तरी. रस्ता झाडायचा क्रम पाठ करा. आधी ओली ढेकळं फावड्याने खरवडून घमेल्यात, घमेलं साइटच्या आत. मग खराट्याने उरलेलं. धूळ उडत असेल तर अगदी हलका शिडकावा. टँकरने रस्ता धुवायचा नाही. धुतलेल्या रस्त्यावर मातीचा पातळ थर पसरतो, त्यावर दुचाकी उभी राहत नाही, आणि बाकीचं गटारात जातं. कॉम्प्रेसरने हवा मारून साफ करणंही बंद करा, ती धूळ समोरच्या वडापाव गाड्यावर आणि शाळेच्या पोरांच्या नाकात जाते. गाड्या खूप असतील तर ट्रॅक्टरला लावायचा फिरता ब्रश भाड्याने मिळतो.

झाडणाऱ्या माणसांचा जीव सगळ्यांत आधी. चमकणारी जाकिटं, दोन्ही बाजूंना कोन आणि येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून लाल झेंडा घेतलेला एक माणूस. पुणे-बंगळूर महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर तर याशिवाय कोणाला पाऊलही ठेवू देऊ नका.

वेळ: शेवटची गाडी गेल्यावर, उजेड असताना. म्हणजे शेवटची गाडी मावळतीच्या तासभर आधी जायला हवी. पहाटे पहिली माणसं रस्त्यावर येतात ती दूधवाले, पेपरवाले आणि बाजाराला निघालेले शेतकरी. त्यांच्या आधी गेटवरच्या वॉचमनने टॉर्च घेऊन दोन्ही बाजूंना २०० फूट चालून यावं आणि काही दिसलं तर फोन करावा. हे मी त्या जुलैनंतर सुरू केलं.

ऊसतोडीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचीही माती रस्त्यावर पडते. ती आपली नाही म्हणून वाद घालत बसू नका. गेटपासून दोन्ही बाजूंचा ठरलेला टप्पा आपण झाडायचा, माती कोणाचीही असो. सकाळ-संध्याकाळ एकाच जागेवरून फोटो काढून ठेवा, तक्रार आली तर तेच कामी येतात.

गाड्या कधी थांबवायच्या

रोहिणी नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या सुमारापर्यंत, पट्टा, चर, टाकी सगळं तयार हवं. मृगाचा पाऊस पडल्यावर ते बांधता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला आहे.

पावसाळ्यात रोज सकाळी सातला वाफसा बघा. आतल्या रस्त्याच्या कडेची माती उचला आणि दाबा. बोटांना चिकटली तर मातीच्या खेपा बंद, फक्त सोलिंगवरून जाणाऱ्या काँक्रीटच्या आणि सामानाच्या गाड्या. ढेकूळ मोकळं झालं तर चालू. पाऊस सुरू असताना भरलेली गाडी बाहेर सोडायची नाही, मोठी सर येऊन गेल्यावरही निदान पट्ट्यावरचं पाणी ओसरेपर्यंत नाही. एक दिवस बंद ठेवल्याचा खर्च वरिष्ठांना दिसतो, म्हणून तो आधीच वेळापत्रकात धरा. जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत काळ्या मातीच्या खोदाईला महिन्याला दहा-बारा दिवसच मिळतील असं मी सुरुवातीलाच लिहून देते. मग कोणी माझ्याशी भांडत नाही.

कागदावरची बाजू

थोडक्यात सांगते. २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. केंद्राने जानेवारी २०१८ मध्ये बांधकामाच्या धुळीबाबत नियम आणले. त्यांत साइटकडे जाणारे रस्ते पक्के असावेत, सुटी माती-वाळू उघडी ठेवू नये, पाणी फवारायची व्यवस्था असावी आणि धुळीबाबत काय केलं आहे याचा फलक लोकांना दिसेल असा लावावा, अशा अटी आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची नावं आली त्यांत सांगली आहे. रस्त्यावर वाळलेला चिखल म्हणजेच उद्याची हवेतली धूळ, त्यामुळे हे दोन प्रश्न वेगळे मानू नका. फलकावर तुमच्या साइटचा फोन नंबर लिहा, आणि तो फोन उचला.

काम संपताना

शेवटच्या महिन्यात सगळे फिनिशिंगमध्ये गुंततात आणि गेट विसरतात. खडीचा पट्टा सगळ्यात शेवटी काढा. आतला रस्ता पक्का झाल्यावर, बागेची माती आणणाऱ्या गाड्याही संपल्यावर. काढताना आतल्या टोकापासून सुरुवात करून गेटकडे या. खडी जाळीवर चाळून धुतली तर पुढच्या साइटला जाते, १५ ब्रासातली दहा-अकरा माझ्या हाती परत आली आहे. टाकीतला गाळ सुकवून उचला, खड्डे बुजवून दाबा, गटारातला ह्यूम पाइप दोन्ही तोंडांनी साफ करून टॉर्च लावून आरपार बघा. मग खराटा घेऊन गेटबाहेर जा आणि डांबराची कड दिसेपर्यंत दोन्ही बाजूंचा रस्ता झाडून घ्या.